देशाची वाढ अडते कुठे? सोलापूरच्या कारखान्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्थिक धोरणावर बोलायला बसलं की सोलापुरात प्रश्न लगेच घरापर्यंत येतात: विजेचं बिल, सुताचा भाव, नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा, विड्या वळून आखडलेली आईची बोटं. हे प्रश्न कॉलेजच्या मुलांकडून, चादर-टॉवेलच्या कारखानदारांकडून, गारमेंटवाल्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून जसे येतात तसेच इथे घेतले आहेत. उत्तरं देशाच्या धोरणाबद्दल आहेत, उदाहरणं जमेल तिथे आपल्या गावची आहेत. मतं माझी आहेत आणि ती स्पष्ट मांडली आहेत.

देश तर सहा-साडेसहा टक्क्यांनी वाढतोय. मग वाढीला पुन्हा चालना द्यायची गरज काय?

२०२४-२५ मध्ये भारताचा वाढीचा दर ६.५ टक्के होता. जगातल्या मोठ्या देशांत हा आकडा वरचा आहे आणि तो खोटा नाही. पण दराच्या आत डोकावलं तर एक गोष्ट खटकते. श्रीमंत झालेल्या जवळपास प्रत्येक देशात माणसं शेतीतून कारखान्यांकडे आणि सेवांकडे सरकत गेली. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत उलटं झालं. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते. २०२३-२४ मध्ये ते ४६.१ टक्के झाले. कोविडमध्ये माणसं गावी परतली हे कळण्यासारखं आहे. पण नंतरही ती मोठ्या संख्येनं तिथेच राहिली, कारण परतून यावं असं काम शहरात नव्हतं. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण १८ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं पाचव्या हिश्शाहून कमी उत्पन्नावर जगतात.

दुसरी खूण कारखानदारीची. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात असं ठरलं होतं की २०२२ पर्यंत देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्के व्हावा. तो १६-१७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला.

तिसरी खूण गुंतवणुकीची. यंत्रं, इमारती, रस्ते अशी स्थिर गुंतवणूक २०११-१२ मध्ये उत्पन्नाच्या ३४ टक्क्यांच्या आसपास होती. नंतर ती घसरली, आणि अलीकडे सावरली त्यात सरकारी रस्ते-रेल्वेचा हात मोठा आहे. खासगी कारखानदार अजून हात राखूनच आहे. तो नवा माग का घेत नाही, या प्रश्नात देशाच्या पुढच्या वीस वर्षांचं बरंचसं उत्तर आहे, असं मला वाटतं.

एक-दोन टक्क्यांनी असा काय फरक पडतो?

सत्तरला वाढीच्या दरानं भागा. उत्पन्न दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ५ टक्क्यांनी १४ वर्षं, ७ टक्क्यांनी १०. पुढची २२ वर्षं ५ टक्के दर राहिला तर उत्पन्न जवळजवळ तिप्पट होईल, ८ टक्के राहिला तर जवळपास साडेपाचपट. आज जन्मलेली मुलगी कॉलेजातून बाहेर पडेल तेव्हा तिच्यापुढे यातलं कोणतं गाव असेल, ते या दोन-तीन टक्क्यांवर ठरतं. २०४७ पर्यंत उच्च उत्पन्न गटात जायचं तर भारताला सरासरी ७.८ टक्क्यांनी वाढावं लागेल, असा जागतिक बँकेचा २०२५ चा हिशेब आहे. २००० ते २०२४ या काळातली सरासरी ६.३ होती.

१९९१ मध्ये सुधारणा झाल्याच होत्या ना?

झाल्या, आणि त्यांचं मोल कमी लेखू नये. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, सोनं गहाण ठेवावं लागलं होतं. नरसिंह राव पंतप्रधान आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना जुलैच्या पहिल्या दिवसांत रुपयाचं अवमूल्यन झालं आणि २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण व अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. बहुतेक उद्योगांचे परवाने गेले, आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं उतरलं.

पण १९९१ नं मोकळा केला तो मालाचा बाजार. माल बनवायला जे लागतं ते, म्हणजे जमीन, कामगार, वीज, कर्ज आणि वेळेवर मिळणारा न्याय, यांचे नियम बरेचसे तसेच राहिले. त्यातल्या पुष्कळ गोष्टी राज्यांच्या हातात आहेत आणि काही महापालिकेच्या. म्हणून दिल्लीत एका दिवसात जाहीर होईल अशी दुसरी १९९१ येणार नाही. पुढचं काम मुंबईत, मंत्रालयात आणि सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत आहे.

नेमकं अडलंय कुठे? एकच कारण सांगा.

एकच सांगायचं तर हे: आपल्याकडे लहान कारखाना लहानच राहतो.

सोलापूरच्या पूर्व भागात फिरा. आठ माग, बारा माग, फार तर चोवीस. आजोबांनी आठ घेतले, नातवाकडेही आठच आहेत, फक्त भावांत वाटणी झाल्यामुळे नावं वाढली. अशा कारखान्यात हुशारी कमी नसते. जेकार्डवर मोर उतरवणारा आणि मोडलेला माग अर्ध्या तासात चालू करणारा कारागीर कुठल्याही देशात अभिमानाचा ठरेल. पण आठ मागांच्या कारखान्याकडे परदेशी शोरूमवाला ग्राहक एका रंगाचे पन्नास हजार टॉवेल मागू शकत नाही. स्वतंत्र डिझायनर परवडत नाही, मालाची तपासणी करणारी प्रयोगशाळा परवडत नाही, नवा वेगवान रॅपिअर माग तर दूरच. मागणी वाढली की कारखानदार स्वतः वाढत नाही, शेजाऱ्याकडून जॉबवर काम करून घेतो. त्यामुळे प्रत्येक माणसामागचं उत्पादन वाढत नाही, आणि ते वाढलं नाही तर मजुरी वाढायला जागाच राहत नाही. दीर्घकाळची वाढ म्हणतात ती शेवटी माणशी उत्पादनाचीच वाढ असते.

हे आपोआप झालेलं नाही. एका अर्थानं ते आपणच कायद्यानं घडवलं. १९५० च्या दशकात गिरण्यांच्या मागांची क्षमता गोठवली गेली. हेतू हातमागाला वाचवायचा होता. फायदा झाला तो मधल्या यंत्रमागाला, आणि विणकाम गिरण्यांतून निघून सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या छोट्या शेडमध्ये गेलं. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगानंच बनवायच्या अशी राखीव यादी सुरू झाली. पुढे ती आठशेच्या वर गेली. तयार कपडे शिवणंही त्यात होतं. ते यादीतून निघालं २००० च्या सुमारास, आणि यादीतल्या शेवटच्या २० वस्तू २०१५ च्या एप्रिलमध्ये मोकळ्या झाल्या. कारखाना वाढवला तर परवानगीच संपते, अशी व्यवस्था दोन-तीन पिढ्या चालली. कायदा गेला तरी तिनं घडवलेली सवय, शेडची रचना आणि वाटण्यांची पद्धत अजून शिल्लक आहे.

आपल्या गिरण्यांचा शेवटही याच गोष्टीचा भाग आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या. १९८५ नंतर आजारी कारखान्यासाठी एक वेगळा कायदा होता. त्यात प्रकरण गेलं की वर्षानुवर्षं कारखाना धड जगत नसे आणि धड मरतही नसे. यंत्रं गंजत, जमीन अडकून राही, कामगाराची देणी लांबत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनं हा मार्ग बदलला. कमाल ३३० दिवसांची मुदत पुष्कळदा पाळली जात नाही, न्यायाधिकरणात माणसं कमी आहेत, तरी दिशा बरोबर आहे. बुडालेला कारखाना लवकर मोकळा झाला तर त्याची जागा, यंत्रं आणि माणसं दुसऱ्याच्या कामी येतात.

कामगार कायद्यांमुळे कारखाने वाढत नाहीत, हे खरं का?

अर्धं खरं. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कपात करायला सरकारची परवानगी हवी, हा नियम १९८० च्या दशकापासून होता, आणि त्यामुळे काही मालक नव्व्याण्णववर थांबले हे खरं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले आणि ही मर्यादा ३०० वर गेली. हे मला मान्य आहे. सोलापूरच्या आठ-बारा मागांच्या कारखान्याला मात्र ना शंभरचा नियम लागत होता, ना तीनशेचा लागेल. आपलं अडणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

पण याच बदलात एक गोष्ट मला पटत नाही. वीज वापरणाऱ्या ठिकाणी 'कारखाना' कशाला म्हणायचं, याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली आहे. कपातीचे नियम सैल करणं वेगळं आणि सुरक्षिततेचे नियम सैल करणं वेगळं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि मालकासह आठ जण गेले. कारखान्याच्या आवारातच राहणारी माणसं होती ती. कापूस, सूत, तयार माल आणि झोपलेलं कुटुंब एका छताखाली असू नये, यात कामगारविरोधी किंवा मालकविरोधी असं काही नाही. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा, वीजजोडणीची तपासणी, राहायची वेगळी सोय: हा खर्च लहान कारखान्याला झेपत नसेल तर त्यासाठी अनुदान द्यावं. सूट देऊ नये.

बांगलादेशनं आणि व्हिएतनामनं असं काय केलं जे आपल्याला जमलं नाही?

बांगलादेशची गोष्ट आपल्या कारखानदारांनी नीट ऐकावी अशी आहे. १९७९ च्या सुमारास देश गारमेंट्स नावाच्या कंपनीनं कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० माणसं सहा महिने कोरियात शिकायला पाठवली. ती परतली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी बाहेर पडून आपापले कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. एका करारातून एक उद्योगच पसरला.

पण शिकलेली माणसं पुरेशी नसतात. सरकारनं दोन साध्या गोष्टी केल्या. निर्यातीसाठी लागणारं कापड आयातशुल्क न भरता आणून थेट बंदिस्त गोदामात ठेवायची मुभा दिली. आणि परदेशी ग्राहकाच्या ऑर्डरच्या पतपत्रावरच (म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवरच) दुसरं पतपत्र काढून कच्चा माल उधारीवर घेता येईल, अशी बँकांची सोय केली. म्हणजे खिशात भांडवल नसलेल्या माणसालाही मोठी ऑर्डर घेता आली. युरोपनं अतिगरीब देशांना दिलेल्या शुल्कमाफीचा फायदाही त्यांना मिळाला. पण माफी पुष्कळ देशांना होती, उद्योग मोजक्यांनाच उभा करता आला.

त्याच देशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर परदेशी खरेदीदारांच्या दबावाखाली हजारो कारखान्यांची तपासणी झाली, आणि निर्यात त्यामुळे बुडाली नाही. सुरक्षितता आणली की धंदा पळतो, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

व्हिएतनामनं १९८६ मध्ये 'दोई मोई' सुधारणा सुरू केल्या: शेतजमिनीवर कुटुंबांना हक्क, खासगी धंद्याला परवानगी, मग एकामागून एक व्यापार करार. २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटना, २०२० मध्ये युरोपीय संघाशी करार. आणि या सगळ्याच्या पायाशी गावोगावच्या चांगल्या शाळा. आपण १९९१ नंतर शाळेकडे तितक्या निकडीनं पाहिलं नाही, याची किंमत आज मोजतोय.

आयात मोकळी केली तर सोलापुरी चादर मरणार नाही का?

ही भीती मी हलक्यानं घेत नाही. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटनी चादरीची बाजारपेठ किती खाल्ली ते सगळ्यांना माहीत आहे. पण पानिपत परदेशात नाही. सीमेवर शुल्क लावून ती स्पर्धा थांबणार नव्हती, आणि थांबलीही नाही.

संरक्षणाचा दुसरा चेहरा सुतात दिसतो. २०२१ च्या अर्थसंकल्पानं कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क लावलं. उद्देश शेतकऱ्याचा होता. पण जगात भाव खाली असताना आपल्या टॉवेलवाल्याला सूत महाग पडलं आणि परदेशातल्या स्पर्धकाला स्वस्त. सरकारनं ते २०२२ मध्ये काही महिने उठवलं, पुन्हा लावलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तात्पुरतं उठवलं. कारखानदाराला सहा महिन्यांनंतरची ऑर्डर घ्यायची असते. सुताचा भाव कोणत्या शुल्कानं ठरणार हेच माहीत नसेल तर तो दर काय सांगणार? माझं म्हणणं असं की कच्च्या मालावर शुल्क नको, आणि शेतकऱ्याला आधार द्यायचा तो हमीभावाच्या खरेदीतून सरळ द्यावा.

कृत्रिम धाग्याबाबत एक गाठ सुटली आहे. तंतूवर १८ टक्के, धाग्यावर १२ आणि कापडावर ५ असा उलटा जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिन्ही ५ टक्क्यांवर आले. दुसरीकडे २०२१ ची १०,६८३ कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना कृत्रिम धागा आणि तांत्रिक कापडासाठी होती. सुती टॉवेल आणि चादर तिच्या बाहेरच राहिले.

व्यापार करारांकडे मी आशेनं पाहतो. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या. त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा एकाच देशावर विसंबलेल्या निर्यातदारांचं काय होतं तेही दिसलं. जितके दरवाजे जास्त, तितकी आपली माणसं सुरक्षित.

वीज इतकी महाग का?

कारण कारखान्याच्या बिलात शेतीच्या विजेचा काही भार मिसळलेला असतो. शेतकऱ्याला कमी दरात वीज द्यायची, त्यातली तूट उद्योग आणि दुकानांकडून भरून घ्यायची, अशी रचना देशभर आहे आणि महाराष्ट्राचे औद्योगिक दर देशातल्या चढ्या दरांत मोडतात. यंत्रमागाला सवलत मिळते, पण सवलत दरवर्षी मागावी लागते आणि तिच्यावर पंधरा वर्षांचं कर्ज कोणी काढत नाही.

चांगली वाट आता दिसते आहे. शेतीचे फीडर (वीजवाहिन्या) वेगळे करून त्यांना दिवसाची सौर वीज देण्याची योजना राज्यात चालू आहे. सोलापूरला ऊन कमी नाही. शेतीचा पुरवठा स्वस्त सौर विजेवर गेला की कारखान्यावरचा बोजा उतरवता येतो, शेतकऱ्यालाही रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जावं लागत नाही. दोघांचंही भलं होईल अशा सुधारणा फार थोड्या असतात. ही त्यांतली एक.

शेती सोडून कारखान्यांवरच का बोलता?

शेतीत पैसा आला तरच गावचा माणूस चादर विकत घेतो, म्हणून शेतीवरही बोलूया. सोलापूरचं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथेच केगावला आहे. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. पण २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाचशे किलोहून जास्त कांदा विकून हातात दोन रुपयांचा धनादेश मिळाला होता. भाव कोसळतो तेव्हा शेतकरी एकटा असतो. भाव चढला की सरकार येतं: त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी. बंदी मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे हे खरं. पण त्याची किंमत एकट्या उत्पादकानं का द्यावी? परदेशी खरेदीदाराला एकदा माल मिळाला नाही की तो दुसरा देश शोधतो आणि परत येत नाही. निर्यातीचं धोरण पेरणीच्या आधी जाहीर व्हावं आणि काढणीपर्यंत बदलू नये, एवढा एक नियम पाळला तरी साठवणुकीत पैसे घालायला माणसं पुढे येतील.

उसाबद्दल थोडक्यात: अवर्षणप्रवण जिल्ह्यात इतके साखर कारखाने आणि इतकं पाणी एकाच पिकाला, हे फार काळ टिकणारं नाही.

बायकांच्या कामाचा आर्थिक वाढीशी काय संबंध?

माझ्या मते सगळ्यात मोठा. देशात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के नोंदला गेला होता; २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. आकडा चांगला दिसतो, पण यातली बरीच वाढ घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात मदत करणाऱ्या बायकांची आहे, ज्यांना महिन्याचा पगार मिळत नाही.

सोलापूरच्या बायका मात्र कधीच घरी बसलेल्या नव्हत्या. पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक घरांतल्या कितीतरी पिढ्या विड्यांवर जगल्या. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, हजाराच्या हिशेबानं मजुरी घ्यायची. त्या मजुरीवर मुलं शिकली. आता विडीचा धंदा आक्रसतो आहे, आणि आरोग्याकडे पाहिलं तर तो आक्रसावा हेच बरं. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बाईला आपल्या लेकीनं हे काम करू नये असंच वाटतं. पण लेकीला पर्याय कोणता?

पर्याय समोर आहे. सोलापुरात गणवेश आणि तयार कपड्यांचा धंदा वाढतो आहे. शिवणकामात पगारी नोकऱ्या मोठ्या संख्येनं निघतात आणि आपल्या बायकांच्या बोटांत कौशल्य आधीच आहे. त्यासाठी लागतं ते मोठ्या घोषणांतून येत नाही: कुंभारीच्या रायनगरपासून एमआयडीसीपर्यंत वेळेवर बस, कारखान्याजवळ पाळणाघर, रस्त्यावर दिवे, स्वच्छतागृह. रायनगरची तीस हजार घरांची वसाहत विडी आणि यंत्रमाग कामगारांसारख्या असंघटितांसाठी उभी राहिली, पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. घर झालं. आता त्या घरापासून कामापर्यंतचा रस्ता हा देशाच्या वाढीचा प्रश्न आहे, असं मी अतिशय गंभीरपणे म्हणतो.

मग लाडकी बहीणसारख्या योजना बंद कराव्यात का?

नाही. महिन्याला पंधराशे रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येणं याचा अर्थ ज्यांना पैशासाठी कधी हात पसरावा लागला नाही त्यांना कळणार नाही. पण प्रश्न विचारायला हवा. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या एका योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. हा पैसा दरवर्षी लागणार. कर्ज काढून तो दिला आणि त्यापायी बस, पाळणाघर, आयटीआय, पाणी यांचे पैसे कापले, तर त्याच बहिणीच्या मुलीचं नुकसान होतं. योजना खऱ्या गरजू बाईपुरती नीट ठेवावी आणि भांडवली खर्चाला हात लावू नये. दोन्ही जमत नसेल तर कर वाढवायचं धाडस सरकारनं दाखवावं.

मुलं पुण्याला जातात ती थांबतील का?

जाऊ द्यावीत. जिथे काम आहे तिथे माणूस जातो, हीच वाढीची रीत आहे. दुःख याचं की परत यायची वाट उरत नाही. विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं, जून २०२५ पासून गोव्याची विमानं सुरू झाली. वंदे भारत २०२३ पासून आहे. हे चांगलंच आहे. पण उद्योग आणणारा माणूस आधी नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो, आणि उजनी धरण उशाला असून आपण वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआडचं पाणी भरलं आहे.

याचं मूळ पालिकेच्या तिजोरीत आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ मध्ये बहुतेकांसाठी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांना १८ विषय दिले, पैसे दिले नाहीत. त्यात मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ सोलापूरला निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. जीएसटीतला ठरलेला हिस्सा थेट पालिकांना मिळावा, मालमत्ता कर नीट आकारला जावा आणि निवडणुका वेळेवर व्हाव्यात: देशाच्या सुधारणांच्या यादीत या तीन गोष्टींना मी खूप वर ठेवतो.

हे सगळं एकदम कसं होणार?

होत नाही, आणि करूही नये. रिकार्डो हाउसमन, दानी रॉड्रिक आणि आंद्रेस वेलास्को या अर्थतज्ज्ञांनी वीस वर्षांपूर्वी मांडलेली पद्धत मला पटते: लांबलचक यादी घेऊन बसण्यापेक्षा आत्ता सगळ्यात जास्त काय आवळतंय ते शोधा, ते आधी सोडवा, मग पुढचं. सोलापूरपुरतं माझं उत्तर असं: आधी वीज आणि पाणी, त्यांच्याबरोबर बायकांची वाहतूक, मग कर्ज आणि निर्यातीच्या सोयी. इचलकरंजीचा क्रम वेगळा असेल, गडचिरोलीचा तर अगदीच वेगळा. म्हणूनच राज्यांना आणि शहरांना आपला क्रम ठरवायची मोकळीक आणि पैसा हवा. शाळेचा प्रश्न मात्र रांगेत उभा करता येत नाही. तिसरीतल्या मुलाला आज वाचता आलं नाही तर दहा वर्षांनी कोणतंही धोरण ते भरून काढत नाही.

माझे आठ माग आहेत. धोरण बदलेपर्यंत मी काय करू?

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी ती करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंद असेल तर खरेदीदारानं करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागायचा हक्क २००६ च्या कायद्यानं दिला आहे. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. ग्राहक तुटेल या भीतीनं बहुतेक जण ती करत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून एकट्यानं न करता संघामार्फत करा. २०२३-२४ पासून आयकराचा नियमही तुमच्या बाजूनं आहे: मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा करता येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलात तर त्याच्या हिशेबनीसाच्या ते लगेच ध्यानात येईल.

तारणाशिवाय कर्ज हवं असेल तर बँकेत सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पतहमी योजनेबद्दल विचारा. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. चादर किंवा टेरी टॉवेल विणत असाल तर भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवा, म्हणजे बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकणाऱ्यावर कारवाई मागायला तुम्हाला आधार मिळतो. आणि शेजारचे चार-पाच कारखानदार मिळून एकच रंगाई, एकच तपासणी, एकच निर्यात खातं असं काही जुळत असेल तर भावाभावांतलं आणि गल्लीतलं जुनं वैर बाजूला ठेवून या दिवाळीच्या आत बसा. चाळीस मागांची ऑर्डर घेण्यासाठी चाळीस माग एकाच मालकाचे असावे लागत नाहीत.